मांडव कोणाचा, प्रश्न कोणाचा?

(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वक्ते नाही. उस्मानिया विद्यापीठाची बी. कॉम. पदवी आणि बँकेच्या काउंटरमागची बावीस वर्षे एवढीच आमची शिदोरी. अध्यक्षांनी पंधरा मिनिटे दिली आहेत. बँकेत घड्याळाकडे पाहून काम करायची सवय असल्यामुळे वेळ पाळू, एवढी खात्री देतो.

विषय आपल्या सर्वांना ठाऊक आहे. हायटेक सिटीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी मंडळाच्या सभागृहात एक दिवसाचा तंत्रज्ञान मेळावा ठरवला आहे. सहा सत्रे आहेत आणि बाहेरून तज्ज्ञ येणार आहेत. त्यांतले एक सत्र असे असावे की ज्यात नव्या यंत्रांमुळे म्हाताऱ्या, अपंग आणि गरीब माणसांचे काय होते याची चर्चा व्हावी, अशी सूचना आपल्यातल्याच एका इंजिनिअर मुलीने केली. त्यावर कार्यकारिणीत बराच खल झाला. तांत्रिक मेळाव्यात सामाजिक विषय कशाला, त्यातून राजकारण शिरेल, आलेले पाहुणे कंटाळतील, असे काहींचे म्हणणे पडले. ते सद्हेतूनेच बोलले. ठराव आज मतदानाला आहे. ते सत्र ठेवावे, अशी विनंती करायला आम्ही उभे आहोत.

आधी काउंटरवरची एक गोष्ट सांगतो.

नोव्हेंबर महिना आला की पेन्शनर मंडळींची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. अशाच एका नोव्हेंबरात काचीगुड्याकडच्या शहात्तर वर्षांच्या एक आजी आल्या. यजमानांच्या मागे त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. आम्ही त्यांचे बोट यंत्रावर ठेवले. यंत्राने नकार दिला. दुसरे बोट ठेवले, तोच प्रकार. बोट पुसले, पुन्हा ठेवले. मागे रांग वाढत होती. आम्ही म्हणालो, "आजी, मशीन घेत नाही. उद्या या." दुसऱ्या दिवशी नातू अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांना घेऊन आला. पुन्हा तेच. तेव्हा आजी रागावल्या नाहीत. हाताकडे पाहत एवढेच म्हणाल्या, "बाबा, साठ वर्षे या बोटांनी भाकऱ्या थापल्या, धुणी धुतली. आता मीच मी नाही, होय?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. त्याहून लाजेची गोष्ट पुढे आहे. कागदी दाखल्याचा फॉर्म आमच्याच खणात होता. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही करून तो दाखला देता येतो, हे आम्हाला माहीत होते. परंतु यंत्र आल्यापासून सगळ्यांनी यंत्रावरच जायचे अशी शाखेत रीत पडली आणि आम्हीही त्या रीतीत वाहत गेलो. तिसऱ्या खेपेस आजींचा कागदी दाखला झाला. दोन खेपा मात्र त्यांना आमच्यामुळे पडल्या. यंत्र बनवणारा मनुष्य वाईट नव्हता, आम्हीही वाईट नव्हतो. मग चूक झाली कोठे?

वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे होत नाही. आकडा एकाच बाजूला चुकीचा लिहिला, तर तेरीज बहुधा ओरडून सांगते. पण एखादा व्यवहार रोजकीर्दीत लिहायचाच राहून गेला, तर नावे आणि जमा दोन्ही बाजूंना तो नसतो. तेरीज छान जुळते आणि चूक तशीच राहते. वगळलेली नोंद स्वतःहून कधी आवाज करीत नाही. ती शोधायला बाहेरचा माणूस लागतो, ज्याचा पैसा जमा व्हायचा होता तो.

यंत्रांचेही तसेच आहे. यंत्र तपासताना ज्यांची बोटे, ज्यांचे चेहरे, ज्यांची भाषा घेतलीच नाही, त्यांच्यापुरती चूक कागदावर दिसत नाही. बनवणाऱ्याची तेरीज जुळलेली असते. चूक दिसते ती थेट काउंटरवर, आणि तिची किंमत आजी भरतात.

मंडळी, तांत्रिक परिषदेत सामाजिक विषय नको हा वाद आपल्याला नवा वाटू नये. आपल्या घराण्यांत त्याच्या कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. आधी राजकीय की आधी सामाजिक, या वादावर आगरकर आणि टिळक वेगळे झाले. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८७ साली मद्रासला सामाजिक परिषद सुरू केली. काँग्रेसचे अधिवेशन उरकले की त्याच मांडवात ही परिषद भरे. बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण असे विषय तेथे निघत. १८९५ साली काँग्रेस पुण्यात भरली तेव्हा मोठा वाद झाला. राजकीय सभेच्या मांडवात सामाजिक परिषद नको, त्यामुळे लोक दुरावतील, असे एका पक्षाने धरले. फूट पडू नये म्हणून रानड्यांनी माघार घेतली आणि सामाजिक परिषद दुसऱ्या मांडवात भरवली.

टिळकांचे मोठेपण आम्ही जाणतो आणि त्यांचा तर्कही समजतो. लोकांना एकत्र आणणारी सभा मतभेदाच्या विषयांनी मोडू नये, ही चिंता खोटी नव्हती. पण मांडव वेगळा झाल्याने विधवेचा प्रश्न सुटला नाही. तो फक्त मोठ्या सभेच्या कानांआड गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी जे भाषण लिहिले, त्यात याच इतिहासाचा हिशेब मांडला आहे. ते भाषणही आयोजकांना झेपले नाही. परिषदच रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. कोणत्या सभेत कोणता प्रश्न मांडू द्यायचा, याला केवढे महत्त्व असते ते यावरून कळावे.

आपल्या हैदराबादची परंपरा तर याबाबतीत अधिकच बोलकी आहे. निझामी राजवटीत त्रेपन्न नंबरच्या गश्तीने सभांवर बंधने होती. तेव्हा आपल्या पणजोबा-आजोबांनी काय केले? त्यांनी ग्रंथालये काढली, शाळा काढल्या, गणेशोत्सवात मेळे बसवले. विवेकवर्धिनी तर त्या गश्तीच्याही आधीची, १९०७ सालची. या संस्था वरवर वाचनाच्या, शिक्षणाच्या, उत्सवाच्या होत्या. पण समाजाचे प्रश्न तेथेच बोलले गेले आणि १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा त्यामागे ही सगळी तयारी होती. हा येथे बोलायचा विषय नाही असे म्हणून त्यांनी तोंड मिटले असते, तर आज आपण येथे मराठीत सभा घेत असतो की नाही, शंका आहे.

आता आजच्या तांत्रिक परिषदांकडे येऊ. तेथे असे विषय निघाल्याने खरोखर काही फरक पडतो का, की नुसतीच भाषणे होतात? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर दिले पाहिजे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात संगणकतज्ज्ञांची एक परिषद भरली. यंत्रांनी केलेल्या निर्णयांत न्याय, उत्तरदायित्व आणि पारदर्शकता किती, हाच तिचा विषय होता. तेथे जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांचा निबंध सादर झाला. त्यांनी आफ्रिकेतल्या तीन आणि युरोपातल्या तीन देशांतल्या संसद सदस्यांची १,२७० छायाचित्रे घेतली आणि तीन कंपन्यांच्या यंत्रप्रणालींना एकच सोपे काम दिले. चेहरा पाहून पुरुष की स्त्री, एवढेच सांगायचे. मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आणि चीनची फेस प्लस प्लस अशा त्या तीन कंपन्या होत्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाले. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे तिघींमागे एकीच्या बाबतीत चूक.

एकूण सरासरी पाहिली असती तर यंत्रे बरी दिसली असती. तेरीज जुळत होती. पण काळ्या वर्णाच्या दोन स्त्रियांनी खतावणी उघडून एकेक खाते वेगळे तपासले, तेव्हा वगळलेली नोंद सापडली. पुढच्याच वर्षी फेरतपासणी झाली तेव्हा तिन्ही कंपन्यांच्या चुका बऱ्याच खाली आलेल्या आढळल्या. जून २०२० मध्ये आयबीएमने चेहरा ओळखण्याची सर्वसाधारण प्रणाली विकणेच थांबवत असल्याचे जाहीर केले. एका परिषदेतल्या एका निबंधाने सगळे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण प्रश्न तज्ज्ञांच्या समोर, त्यांच्याच मोजमापात मांडला गेला, म्हणून तो त्यांना टाळता आला नाही.

न्यूयॉर्कच्या गोष्टीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. हयातीच्या दाखल्यासाठी 'जीवन प्रमाण' ही सोय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये बोटांच्या आणि डोळ्यांच्या ठशांवर सुरू केली. बोटे झिजलेल्यांची अडचण लक्षात घेऊन नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. घरबसल्या मोबाईलवर दाखला होतो, ही फार चांगली गोष्ट आहे. आमच्या शाखेतली रांगही त्याने कमी झाली. आपल्याच तेलंगणात जानेवारी २०२० मध्ये कोंपल्ली नगरपालिकेच्या निवडणुकीत काही मतदान केंद्रांवर मतदाराचा चेहरा यंत्राने ओळखण्याचा प्रयोगही झाला. म्हणजे ज्या प्रकारच्या यंत्राबद्दल न्यूयॉर्कला प्रश्न विचारला गेला, ते आज आपल्या आजोबांच्या पेन्शनपाशी आणि आपल्या मतपेटीपाशी येऊन उभे आहे. सावळी, सुरकुतलेली, मोतीबिंदू झालेली, मंद दिव्याखाली बसलेली आमची माणसे त्याला नीट ओळखू येतात का, हे कोणीतरी वेळेवर विचारायला नको का?

वेळेवर न विचारल्यास काय होते, त्याचे उदाहरण अगदी आमच्या धंद्यातले आहे. खाते उघडताना ग्राहकाची ओळख पटवण्याचे काम आता मोबाईलच्या कॅमेऱ्यावरही होते. समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, हे कळावे म्हणून यंत्र सांगते, डोळे मिचकावा. सोपे वाटते. पण ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे आणि पापण्या गेल्या त्यांनी काय मिचकावायचे? ज्यांना दिसत नाही त्यांना चेहरा कॅमेऱ्याच्या चौकटीत कसा बसवायचा? अशा लोकांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगून वीस निर्देश दिले. आनंदाची गोष्ट आहे. पण पाहा, 'ज्याला डोळे मिचकावता येत नाहीत त्याचे काय?' हा एका ओळीचा प्रश्न होता. ते यंत्र पहिल्यांदा कोठेतरी तज्ज्ञांच्या बैठकीत दाखवले गेले असेल तेव्हा कोणी तो विचारला असता, तर त्याला पैसाही लागला नसता. तो देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयातून विचारावा लागला आणि दरम्यान जळलेल्या चेहऱ्याच्या बायकांना बँकेच्या दारातून परतावे लागले.

दुसरे उदाहरण अंगठ्याचे. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत बायोमेट्रिक ओळख न पटण्याचे काही अंदाज दिले आहेत. झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के, आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यात ५ टक्के. अंगठा वाचण्याचे तंत्र सगळीकडे सारखेच. मग एवढा फरक कशाचा? गावात सिग्नल येतो की नाही, वीज किती तास असते, यंत्र चालवणाऱ्याला शिकवले आहे का, समोरच्याचे हात मातीत आणि राखेत किती झिजले आहेत, आणि अंगठा जुळला नाही तर दुसरा मार्ग ठेवला आहे का, यात तो फरक असणार. यांतला तांत्रिक भाग कोणता आणि सामाजिक कोणता, हे वेगळे करून दाखवावे, आम्ही मत बदलू. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ओळख जुळली नाही म्हणून खऱ्या हक्कदाराला वंचित ठेवू नये, असे म्हटले. पण निकाल दिल्लीला असतो आणि काउंटर गल्लीत असतो.

आणखी एक उदाहरण, ते आपल्या भाषेचे. संगणकावर देवनागरी लिहिण्यासाठी युनिकोड ही जगभर चालणारी संकेतप्रणाली आहे. तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी होती. पण आपण 'ॲसिड' किंवा 'ॲडमिशन' लिहिताना जे 'ॲ' वापरतो, ते स्वतंत्र अक्षर म्हणून तिच्यात आले २००८ साली. हिंदीवाल्याचे त्यावाचून अडत नाही, मराठी माणसाचे अडते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक आपल्याला बालवाडीत कळतो. तो संगणकाला शिकवावा लागतो, आणि शिकवायला मराठी जाणणारा मनुष्य त्या खोलीत असावा लागतो. परप्रांतात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. ज्या बैठकीत आपला माणूस नाही, तिच्या इतिवृत्तात आपली अडचण येत नाही.

याच आपल्या शहरात ३ ते ६ डिसेंबर २००८ ला संयुक्त राष्ट्रांच्या वतीने इंटरनेटच्या कारभारावरची जागतिक परिषद भरली होती. मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता, तरी लोक आले. 'सर्वांसाठी इंटरनेट' हा तिचा विषय होता. वेगवेगळ्या भाषा, अपंगांची सोय, गरिबांपर्यंत पोहोच हे सगळे त्यात होते. जगाच्या परिषदेला जे विषय आपल्या गावात बोलावेसे वाटले, ते आपल्या मुलांच्या मेळाव्यात का बोलू नयेत?

आता आक्षेपांकडे वळतो. राजकारण शिरेल, हा पहिला. पक्षाचे राजकारण शिरू नये हे आम्हालाही मान्य आहे. पण कोणाची बोटे चालतील आणि कोणाची नाहीत, हे एका यंत्राने ठरवणे, हेही राजकारणच आहे. त्यावर आपण बोललो नाही म्हणून ते थांबत नाही. दुसरा आक्षेप, पाहुणे कंटाळतील. नुसता उपदेश केला तर जरूर कंटाळतील, आणि कंटाळावेच. तंत्रज्ञ माणसाला नीट मांडलेली अडचण आवडते. तिसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला तंत्र कळत नाही, तो काय बोलणार? आजींना यंत्राच्या आतले कळत नाही, खरे आहे. पण ते कोठे अडते, हे जगात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. चपला शिवता येत नसल्या तरी कोठे चावते ते पायालाच कळते.

एक गोष्ट मात्र आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. असे सत्र ठेवून टाळ्या वाजवून घरी जाण्याने काहीच होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या परिषदांत असा एखादा तास शोभेपुरता ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत चालते, असा अनुभव आपल्या मुलांनीच आम्हाला सांगितला. म्हणून ठरावाला आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, सत्रात मते नकोत, प्रकरणे हवीत. कोणाला, कोठे, कोणत्या यंत्रापाशी, किती वेळा परत जावे लागले, हे तारखेसह लिहून आणावे. ते टिपण तयार करायला आम्ही आणि आमच्यासारखे दोघे-तिघे बँकवाले मदत करू. नावे उघड करणार नाही.

दुसरी, हे सत्र शेवटी, चहाच्या वेळी ठेवू नये. सकाळी, सभागृह भरलेले असताना ठेवावे. दुसऱ्या मांडवात तर नकोच.

तिसरी, प्रत्येक प्रकरणावर कोणी काय करायचे ते लिहून घ्यावे आणि पुढच्या वर्षी त्याचा ताळेबंद सभेपुढे ठेवावा. काही गोष्टींना इंजिनिअर लागणार नाही, फक्त माहिती लागेल. उदाहरणार्थ, सत्तर वर्षांवरच्या ग्राहकांना बँकेची मूलभूत सेवा घरपोच देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये केलेली आहे. या सभागृहातल्या किती जणांना ते माहीत होते? आमच्या शाखेतल्या ग्राहकांपैकी फार थोड्यांना माहीत होते, आणि त्यात दोष आमचाही आहे.

आपली मुले हुशार आहेत. त्यांतली काही उद्या अशीच यंत्रे बनवतील. ती बनवताना त्यांच्या डोळ्यांसमोर तरुण, चष्मा नसलेला, चांगल्या मोबाईलचा ग्राहक असेल की काचीगुड्याच्या आजीही असतील, हे आपण त्यांना काय ऐकवतो त्यावर ठरेल. प्रश्न सभेत विचारला तर एका तासात होतो. तोच काउंटरवर आला तर आजींच्या तीन खेपा होतात, आणि न्यायालयात गेला तर वर्षे जातात. बँकेचा मनुष्य म्हणून आम्हाला यांतला स्वस्त मार्ग पसंत आहे.

त्या आजींना आम्ही विचारले होते, मेळाव्यात येऊन तुमचा अनुभव सांगाल का? त्या म्हणाल्या, "बसायला पाठीची खुर्ची असेल तर येईन."

खुर्चीची जबाबदारी आम्ही घेतो. तासाची जबाबदारी सभेने घ्यावी, ही विनंती.